भोवरे मोजले, खूर कोण बघणार?

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी जवळ आली की नांदेड-लातूर रस्त्यावर जनावरांनी भरलेले टेम्पो दिसू लागतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. देवस्वारी निघते, बेल-भंडारा उधळला जातो, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो आणि त्याच माळावर मराठवाड्यातला एक मोठा जनावरांचा बाजार उभा राहतो. लाल कंधारी आणि देवणी ही तर इथली घरची गुरं. शिवाय गाढवं, उंट, कुत्री आणि घोडे. नांदेड जिल्हा परिषद यात्रेचा कारभार बघते. तेलंगण आणि कर्नाटक हाकेच्या अंतरावर असल्याने तिकडचं गिऱ्हाईकही येतं. कुस्त्यांचा फड, लावण्या, पाळणे हे सगळं असतंच. पण माळेगावचं नाव लांबवर गेलं ते घोड्यांच्या बाजारामुळे.

घोडं बघायला आलेल्या माणसाची नजर ठरलेल्या वाटेने फिरते. आधी रंग: नुकरा, अबलख, कुमैत. मग पंचकल्याणी आहे का, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं आहे का. मग भोवरे. मानेवरचा देवमण शुभ, अमुक जागचा भोवरा अशुभ, तमुक जागचा धन्याला खाणारा. कानांची टोकं जुळतात का, दात किती, उंची किती. नंतर कोणीतरी उडी मारून बसतो, रवाल चाल दाखवतो, ढोलकीवर चार पावलं नाचवतो. मग रुमालाखाली बोटं दाबली जातात आणि सौदा होतो. या सगळ्यात खाली वाकून, घोड्याचा पाय गुडघ्यात उचलून तळ बघणारा माणूस सापडायला वेळ लागतो.

आणि विकणारा हमखास एक वाक्य बोलतो: ‘‘एकदम गरीब आहे हो, लेकरू बसलं तरी हलायचं नाही.’’

हे वाक्य खरं असू शकतं. घोडे स्वभावाने शांत असतात, चांगले शिकवलेले तर नक्कीच. पण न हलण्याचं दुसरंही एक कारण असतं: पाऊल टाकलं की दुखतं. बिननालेच्या घोड्याच्या बाबतीत हे दुसरं कारण इतक्या सहज पहिल्या कारणाच्या पोटात लपतं की घरधन्यालासुद्धा महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. घोडं आळशी झालं, वयात आलं, थंडीने आखडलं, कोणाची दृष्ट लागली, असे सगळे अंदाज होतात. खुराचा नंबर शेवटी लागतो.

असं होण्यामागे एक साधा हिशेब आहे. लंगडणं म्हणजे दोन बाजूंमधला फरक. उजवा पुढचा पाय दुखत असेल तर घोडा त्याच्यावर कमी वेळ भार देतो, डाव्यावर जास्त. आपल्याला तो फरक दिसतो आणि आपण म्हणतो, लंगडतोय. पण दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर फरक राहतच नाही. घोडा लंगडत नाही, फक्त आखूड चालतो. पातळ झालेला तळवा, खड्यांनी ठेचलेला तळ, खाण्यातून आलेली खुराची सूज, ही दुखणी बहुतेक वेळा एकाच पायाला होत नाहीत, जोडीने होतात. घोड्याच्या वजनातला सुमारे 60 टक्के वाटा पुढच्या दोन पायांवर असतो, त्यामुळे मार बसतो तोही तिथेच. ‘‘लंगडत नाही ना, मग पाय चांगले’’ हा बाजारातला समज म्हणूनच धोक्याचा.

घोड्याची जातही सोंग घेणारी. कळपात मागे पडणाऱ्याला लांडगा धरतो, हे त्याच्या रक्तात हजारो वर्षं मुरलेलं आहे. दुखणं दाखवणं त्याला परवडणारं नसतं. अफगाणिस्तान, इजिप्त, भारत, जॉर्डन आणि पाकिस्तान या पाच देशांतल्या राबणाऱ्या घोडे, खेचरं आणि गाढवांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. पाच हजारांच्या जवळपास जनावरं तपासली गेली. पायांची ठेवण बिघडलेली किंवा चालीत दोष असलेली जनावरं तीन चतुर्थांशांहून जास्त निघाली. म्हणजे रस्त्यावर काम करणारं धडधाकट दिसणारं जनावर पायांनी निरोगी असणं हाच अपवाद होता.

मराठवाड्यातली बरीचशी घोडी आज नालेविना आहेत, त्यामागे कोणताही विचार वा चळवळ नाही. युरोप-अमेरिकेत मात्र ती आहे. लंडनच्या ब्रेसी क्लार्क या पशुवैद्याने 1809 मध्येच लिहून ठेवलं होतं की खूर पावलागणिक थोडा पसरतो आणि पुन्हा मिटतो. त्याला लोखंडात खिळून टाकलं की ही हालचाल मारली जाते. पुढे अमेरिकेत जेमी जॅक्सन या नालबंदाने 1980च्या दशकात रानटी मस्टँग घोड्यांचे खूर अभ्यासले आणि त्यावरून ‘नाल काढा’ म्हणणारा एक पंथच उभा राहिला. आपल्याकडे गोष्ट साधी आहे. टांगे गेले, टांग्यांबरोबर नालबंद गेला.

एके काळी हा माणूस राज्यकारभारातही मोजला जात होता. आइन-ए-अकबरीत शाही घोड्यांना वर्षातून दोनदा नाल मारण्याचा नियम आहे आणि चार नालांच्या जोडाचा दर आधी आठ दाम होता तो दहा केल्याची नोंदही आहे. पेशवाईत शिलेदारांना मोहिमेआधी आगाऊ रक्कम मिळे, तिला नालबंदीच म्हणत. पुढे गावोगावच्या टांगा स्टँडच्या आडोशाला ऐरण मांडून बसलेला नालबंद हे नेहमीचं दृश्य झालं. रिक्षा आल्या, टांगे उठले, आणि नालबंदाची पोरं वेल्डिंगच्या दुकानात नाहीतर गॅरेजात गेली. घोडीही घटली. 2012च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती; 2019च्या गणनेत ती 3 लाख 40 हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. जी उरली ती वरातीसाठी, हौसेसाठी, शर्यतीसाठी, थोडी ओझ्यासाठी. त्यांच्या पायाला हात लावणारा जाणकार उरला नाही.

तरीही नालेविना घोडं चालू शकतं, आणि उत्तम चालू शकतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू मराठ्यांच्या फौजांनी नावारूपाला आणलं. आज ते प्रामुख्याने धनगरांच्या वाड्यांबरोबर दिसतं. पाठीवर संसार, वर एखादं पोर, कोंबड्या, मागे मेंढरं, आणि चाल रोजची. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. या तट्टाचा खूर लहान, गोल आणि दगडासारखा घट्ट असतो, कारण तो रोज मैलोन्‌मैल घासला जातो. जेवढा वाढतो तेवढाच झिजतो. वाढ आणि झीज यांचं गणित जुळलेलं असलं की नालेची गरज उरत नाही.

हे गणित दावणीला बिघडतं. खूर महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो. आठ-दहा महिने खुंट्याला बांधलेलं आणि लग्नसराईत अचानक बाहेर काढलेलं घोडं चालत नाही, त्यामुळे खूर झिजत नाही. पुढची बोटाकडची बाजू लांबते, चुलीतल्या लाकडाच्या टोकासारख्या चिरा पडतात, कडा फुटून तुकडे निघतात. मग त्या घोड्याला डांबरी रस्त्यावर बँडबाजापुढे दोन-तीन तास नाचवतात. एका रात्रीत जी झीज होते ती महिन्याची असते.

जमिनीचाही हात असतो. पावसाळ्यात मांजरा-गोदावरीच्या काठची काळी माती खुराच्या खोबणीत चिकटून बसते, वाळत नाही. दिवाळीनंतर तीच माती भेगाळते, आणि रस्त्याच्या कडेला पसरलेली खडी-मुरूम उघडी पडते. चार महिने ओलसर, मऊ झालेला तळ एकदम खड्यावर येतो. झेनोफोन हा ग्रीक घोडेस्वार-लेखक ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात सांगून गेला की तबेल्यापुढच्या अंगणात मुठीएवढ्या गोट्यांच्या चार-पाच गाड्या पसरा आणि खरारा चालू असताना घोड्याला त्यांवर उभा करा. खूर कणखर होतात. आजचे नालेविरोधी हीच युक्ती पुन्हा सांगतात. पण तिची अट विसरू नये: खूर निरोगी असला पाहिजे आणि सवय हळूहळू लागली पाहिजे. दुखऱ्या तळव्याला गोट्यांवर उभं करणं म्हणजे छळ.

आता पाय उचलूच. घोड्याच्या डाव्या खांद्याशी, शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं, हात खांद्यावरून खाली सरकवत न्यायचा, मागची कंडरा हलकेच दाबायची आणि पाय वाकवून आपल्या दोन मांड्यांत धरायचा. खुरचणीने माती काढताना टाचेकडून बोटाकडे जायचं. माती निघाली की मधोमध त्रिकोणी, रबरासारखी लवचीक उशी दिसते, ही पुतळी. तिच्या दोन्ही बाजूंना खोबणी. भोवती तळवा, थोडा आत वळलेला, उथळ वाटीसारखा. तळवा आणि बाहेरची भिंत यांच्या मध्ये एक फिकट रेघ गोल फिरलेली असते. निरोगी पायात पुतळी रुंद आणि कोरडी, खोबणी स्वच्छ, रेघ बारीक आणि सलग. आजारी पायात पुतळी आक्रसलेली, तिच्या मध्यावर बोट जाईल अशी चीर, खोबणीतून काळा चिकट पाझर आणि नाकाला झोंबणारी सडकी घाण. एकदा तो वास आला की विसरत नाही. रेघ रुंदावून त्यात खडे अडकलेले असतील किंवा लालसर, पिवळट डाग असतील, तर आत काहीतरी बिघडलंय हे उघड. तळव्यावर दोन्ही अंगठ्यांनी जोर दिला आणि तो किंचित दबला, तर तो पातळ आहे. निरोगी तळवा साधारण दीड सेंटिमीटर जाड असतो आणि माणसाच्या अंगठ्याला दाद देत नाही.

भिंतीवर बाहेरून आडव्या कड्या दिसतात, त्या बघण्यासारख्या. खुराची भिंत वर केसांच्या कडेला जन्मते आणि खाली बोटाशी पोहोचायला नऊ ते बारा महिने घेते. म्हणजे समोर उभ्या घोड्याचं गेलं वर्ष तिथे लिहिलेलं असतं. बारीक, समांतर कड्या ऋतुबदलाच्या. पण बोटाकडे दाटीने आलेल्या आणि टाचेकडे पसरत गेलेल्या ठळक कड्या सांगतात की या घोड्याच्या पायाला मागे सूज येऊन गेली आहे. विकणारा काहीही सांगो, ती कडी तो खोडून काढू शकत नाही. फार तर कानस मारून आणि तेल चोळून झाकतो. म्हणून ज्या घोड्याचे खूर बाजारात आरशासारखे चमकतात, त्याच्या खुरांकडे जास्त वेळ बघावं.

मग चालवून बघायचं, आणि चालवायचं टणक जमिनीवर. बहुतेक बाजार भुसभुशीत शेतात भरतो; तिथे दुखरं घोडंही बरं चालतं. दहा पावलं मऊ जमिनीवर आणि दहा पावलं मुरमाच्या रस्त्यावर, एवढ्यात बरंच कळतं. मुरमावर आला की पावलं आखडली, मान ताठ झाली, रस्त्याच्या कडेच्या गवताकडे सरकायला लागला, तर ती आपल्याशी केलेली बातचीत समजावी. पाऊल कसं पडतं तेही बाजूला बसून बघावं. निरोगी घोड्याची टाच आधी टेकते किंवा पूर्ण खूर सपाट टेकतो. टाचेला वेदना असेल तर बोट आधी टेकतं आणि धूळ पुढच्या बाजूने उडते. दुडकी चालवली तर डोक्याकडे लक्ष: दुखरा पुढचा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. दोन्ही पाय दुखत असतील तर डोकं हलणार नाही, तेव्हा त्याला कडक जमिनीवर लहान गोलात फिरवायचं. आतल्या पायावर भार वाढतो आणि लपलेलं दुखणं बाहेर येतं.

तिसरी खूण हाताला कळते. खुराच्या वरचा जो सांधा, त्याच्या मागच्या बाजूला आतून आणि बाहेरून शीर जाते. निरोगी घोड्यात तिथली धडधड बोटांना जेमतेम लागते, कधी लागतच नाही. खूर तापलेला, आत सूज, तर ती ठसठस टणाटण लागते. चारही पायांची तुलना करायची आणि रोज एकाच वेळी बघायची सवय ठेवायची. स्वस्थ उभ्या घोड्याची हृदयगती मिनिटाला 28 ते 44. उभ्या-उभ्या ती 60च्या घरात असेल तर घोडा वेदनेत आहे हे धरून चालावं, मग तो तोबऱ्यातले चणे खात असला तरी.

‘‘पाय देत नाही, खोडी आहे’’ ही तक्रार नालबंदही करतात आणि मालकही. पाय उचलताना झटका देणाऱ्या घोड्याला मग काठी बसते, नाकाला पेच बसतो. वस्तुस्थिती बऱ्याचदा उलटी असते. एक पाय उचलला की सगळं वजन दुसऱ्या पायावर येतं, आणि तोही दुखरा असतो. स्वीडनच्या निल्स ओबेल यांनी 1948 मध्ये खुराच्या सुजेच्या चार पायऱ्या ठरवल्या, त्यांत हीच गोष्ट मोजपट्टी म्हणून वापरली आहे. पहिल्या पायरीवर घोडा उभ्या-उभ्या पाय आलटून-पालटून उचलत राहतो. दुसऱ्यावर चालतो, पण आखडून. तिसऱ्यावर चालायला तयार नसतो आणि पाय उचलू देत नाही. चौथ्यावर हलतच नाही. आपल्या बाजारातला ‘खोडील’ घोडा तिसऱ्या पायरीवरचा असू शकतो आणि ‘गरीब’ घोडा पहिल्या-दुसऱ्या.

या सुजेबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण लातूरच्या बाजूला तिचं सगळं साहित्य घरात असतं. खुराच्या आतलं हाड आणि बाहेरची भिंत हे शेकडो बारीक पापुद्र्यांनी एकमेकांत गुंफलेले असतात. घोड्याचं अख्खं वजन या गुंफणीला टांगलेलं असतं, तळव्यावर टेकलेलं नसतं. ही गुंफण सुजली की वजनाच्या ओढीने ती सुटू लागते, हाड खाली फिरतं आणि वाईट वेळी तळवा फोडून बाहेर येतं. असं का होतं याची कारणं अनेक: धान्याची गोणी फोडून पोटभर खाणं, वार अडकलेली घोडी, एका पायाच्या दुखण्यामुळे दुसऱ्या पायावर पडलेला दीर्घ भार. पण जगभर सर्वांत जास्त दिसणारं कारण साखरेचं आहे. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धडधाकट तट्टांच्या रक्तात इन्सुलिन दीर्घकाळ वाढवून ठेवलं आणि केवळ त्यामुळे त्यांचे खूर सुजले. खाण्यातली साखर, लठ्ठपणा, इन्सुलिन, खूर अशी ही साखळी आहे.

आणि जत्रेआधीच्या दोन महिन्यांत घोड्याला काय खाऊ घालतात? भिजवलेला हरभरा, गूळ, कणकीचे गोळे, ऊसतोडीच्या दिवसांत फुकट मिळणारं वाढं. हेतू एकच, अंगावर मांस आणि चकाकी. मानेवरची चरबी कडक होऊन डुलायला लागली की लोक म्हणतात, घोडं काय भरलंय! त्या टणक मानेला पशुवैद्य धोक्याची खूण मानतात. अशा घोड्याने दोन दिवस आखडून चालायला सुरुवात केली की दुखणं छातीत नाहीतर खांद्यात शोधलं जातं, छातीला तेल चोळलं जातं. तो पुढचे पाय लांब पुढे काढून, मागे रेलून उभा असतो. छातीत काही नसतं. तो बोटावरचा भार टाचेवर ढकलत असतो.

अशा वेळी पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात मोलाचे. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिस्तोफर पॉलिट यांच्या प्रयोगांनी दाखवलं की खूर आणि त्यावरचा भाग अगदी सुरुवातीपासून सतत बर्फाच्या पाण्यात ठेवला तर आतली मोडतोड बरीच रोखता येते. सतत म्हणजे दिवसरात्र, अर्धा तास नव्हे. नांदेड असो की लातूर, बर्फाचा कारखाना आणि दोन रबरी बादल्या मिळणं अवघड नाही. अवघड आहे ते रात्री उठून बर्फ बदलणं. धान्य, गूळ, वाढं ताबडतोब बंद. वाळलेलं गवत, तेही पाण्यात तासभर भिजवून निथळून, म्हणजे त्यातली थोडी साखर उतरते. पायाखाली नदीची वाळू वीतभर, जेणेकरून पुतळी आणि तळव्याला खालून आधार मिळेल. फिरवून ‘मोकळं’ करणं हा सर्वांत घातक सल्ला. सुटत चाललेली गुंफण प्रत्येक पावलागणिक आणखी सुटते.

वेदनाशामक पशुवैद्याच्या हातून. गिधाडं संपत चालल्याने 2006 मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली, तरी ‘माणसाचं इंजेक्शन’ म्हणून ते जनावराला टोचण्याचा मोह होतो. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना निर्धोक पर्याय आहे. आणि औषधाने वेदना उतरली म्हणून त्याच दिवशी वरातीला नेलं, तर औषध नसतं दिलं तर बरं झालं असतं.

सगळीच दुखणी एवढी गंभीर नसतात. काल ठणठणीत असलेला घोडा आज एक पाय टेकवतच नाही, पाय मोडला म्हणून घरात रडारड, आणि पशुवैद्य चिमट्याने खूर दाबत दाबत एका जागी येतो, तिथे घोडा उडतो. नेमकं कोरलं की करड्या-काळ्या पुवाची धार लागते. अर्ध्या तासात घोडा पाय टेकतो. खुरातलं गळू हे सर्वांत नाट्यमय आणि बहुधा सर्वांत सोपं दुखणं. पावसाळ्यात मऊ झालेल्या रेघेतून खडा, माती आत शिरते आणि ते होतं. मॅग्नेशियम सल्फेटच्या शेकाने ते पिकतं, निचरा झाला की वरून जागा स्वच्छ बांधून ठेवायची. मात्र धनुर्वाताची लस विसरता कामा नये. पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोड्याइतकं कोणी बळी पडत नाही. पुतळीच्या सडण्यालाही उपाय खर्चीक नाही: रोज खुरचणी, ब्रशने साफ, पोव्हिडोन आयोडिनचा बोळा खोबणीत खोलवर, आणि उभं राहायला कोरडी जागा. शेवटचं नसेल तर आधीचं सगळं वाया.

याउलट जे केलं जातं ते: गाडीचं जळकं ऑइल, फिनेल, उघड्या मांसावर मोरचूद, आणि सर्वांत वाईट, तापल्या लोखंडाचा डाग. डागल्याने घोडा दुसऱ्या दिवशी बरा चालतो असा अनुभव सांगणारे भेटतात. भाजलेल्या जागेच्या ठणक्यापुढे तो खुराचं दुखणं विसरत असेल, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

खूर तासण्यातही हात आखडता ठेवावा लागतो. हौशी माणूस कोयत्या-नखुरड्याने तळवा खरवडून पांढरा शुभ्र करतो, पुतळी कापून नीटनेटकी करतो, आणि मग म्हणतो, आता कसा छान दिसतो. तळव्याची ती जाडी घोड्याने महिनोन्‌महिने जमवलेली असते. नालेविना घोड्याला तळव्याला हात जवळजवळ लावायचाच नाही. बोटाची लांबलेली भिंत मागे आणायची आणि कड कानसीने गोलावायची, म्हणजे ती फुटत नाही. हे दर सहा-आठ आठवड्यांनी. नुकतीच नाल काढलेल्या घोड्याला तर कित्येक महिने सांभाळून घ्यावं लागतं. पहिल्या दिवशी डांबरावर धावला नाही म्हणून प्रयोग फसला म्हणणारे फार.

नालेविरुद्धची कडवी भूमिका इथे चालणार नाही, हेही कबूल करायला हवं. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात घोड्यांचा मान मोठा. गुरू गोविंदसिंगांच्या घोड्यांच्या वंशातले मानले जाणारे घोडे तिथल्या तबेल्यात सांभाळले जातात, आणि दसरा, होला मोहल्ल्याच्या ‘हल्ला बोल’मध्ये निशाणसाहिबाबरोबर घोडे शहराच्या रस्त्यांवरून निघतात. काँक्रीटवर धावणं हे निसर्गाने कोणत्याही खुराला शिकवलेलं नाही. सीमेपलीकडच्या चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी सुमारे तीनशे किलोमीटर चालत आळंदीला येतात आणि तिथून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूर गाठतात, मध्ये रिंगणंही धावतात. आषाढातला ओला डांबरी रस्ता आणि एवढी वाटचाल. माथेरानच्या घोडेवाल्यांनी पेव्हर ब्लॉकविरुद्ध न्यायालय गाठलं, त्यातही मुद्दा घोड्यांच्या पायांचाच होता: घोडे घसरतात. रोज किती चालायचं, कशावर, किती ओझं घेऊन, यावर नाल ठरवावी. ती ठोकणारा हात अडाणी असेल तर मात्र नालेपेक्षा उघडा खूर बरा.

गाढवांकडे वळलं की परिस्थिती आणखी बिकट. माळेगावला गाढवांचाही बाजार भरतो, पण त्यांच्या पायाची विचारपूस कोणी करत नाही. गाढवाचा खूर घोड्यापेक्षा उभट आणि अरुंद, पाणी जास्त शोषणारा. मूळ वाळवंटी जनावर, त्याला वीटभट्टीच्या चिखलात उभं केलं की रेघ सडते. घोडा निदान आखडतो. गाढव शांतपणे विटा वाहत राहतं आणि ज्या दिवशी खाली बसतं त्या दिवशी उशीर झालेला असतो. 2012 ते 2019 या काळात देशातली गाढवं 60 टक्क्यांहून अधिक घटली.

मग पायाला हात लावणार कोण? उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीलाही आहे. 1962 या क्रमांकावर फिरतं पथक बोलावता येतं. पण गळू कोरणं हे पशुवैद्याचं काम. दर सहा आठवड्यांनी कानस मारणं त्याचं नव्हे. सैन्याच्या मीरतच्या केंद्रात नालबंद तयार होतात ते सैन्यासाठी, आणि पुणे-मुंबईच्या रेसकोर्सवरचे कसबी नालबंद लोह्याला येणार नाहीत.

गावात खुराशी नातं असलेला एकच माणूस अजून शिल्लक आहे, तो बैलांना पत्र्या मारणारा. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर बैलगाड्या आहेत तोवर त्याला काम आहे. त्याच्याकडे हातोडी आहे, खिळे आहेत, जनावराची भीती नाही. पण बैल तो दोरखंडाने आडवा पाडतो, आणि बैलाचा खूर दुभंगलेला, दोन वेगवेगळ्या बोटांचा. घोड्याचं काम उभ्यानेच करायचं असतं, खूर अखंड, आतलं हाड एकच, आणि खिळा भिंतीत दोन मिलिमीटर आत गेला तरी घोडा महिनाभर बाद. तरीही या माणसाला शिकवणं हे नवा नालबंद घडवण्यापेक्षा सोपं आहे. त्याला घोडा न पाडता पाय धरायला शिकवायचं, तळव्याला कोयता लावायचा नाही एवढं पटवायचं, आणि हातात एक चांगली लांब कानस द्यायची. कृषी प्रदर्शन, पशुप्रदर्शन, कुस्त्या असा चार-पाच दिवसांचा जो कार्यक्रम यात्रेत दरवर्षी ठरतो, त्यात अशा प्रात्यक्षिकासाठी एक सकाळ काढली तर घोडेवाले, गाढववाले आणि पत्रीवाले तिन्ही एकाच माळावर आयते हजर असतात.